वेगळेपण कपाळावर की खतावणीत?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे ख्रिस्ती माणसाने जगापासून वेगळे कसे राहावे या एकाच गोष्टीभोवती फिरणारी आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून ती तिन्ही एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : मी भोसरीतील एका लहान कारखान्यात अकाउंट्स पाहतो. गेली दोन वर्षे मालक महिन्याला चार-पाच बिले अशी आणून देतात, की ज्यांचा माल कधी आलेलाच नसतो. त्या बिलांमागे ना वजनकाट्याची पावती असते, ना गेटवरच्या आवक रजिस्टरात गाडीची नोंद. ती खरेदीत धरायची, जीएसटीचे क्रेडिट घ्यायचे, आणि दिलेले पैसे फिरून रोखीने परत येतात, एवढे मला कळते. एकदा मी कुरकुर केली तेव्हा मालक हसून म्हणाले, "सगळा बाजार असाच चालतो." घराचे कर्ज डोक्यावर आहे आणि मुलगा बारावीला आहे. आमच्या चर्चच्या मंडळीतील एका वडीलधाऱ्यांना विचारले तर ते म्हणाले, "धंदा धंद्याच्या जागी, उपासना उपासनेच्या जागी." प्रभुभोजनासाठी (चर्चमधील भाकरी व द्राक्षारसाच्या विधीसाठी) पुढे जाताना आता पाय जड होतात. 'या युगाबरोबर समरूप होऊ नका' या रोमकरांस पत्रातील वचनाचा अर्थ नोकरी सोडून द्या असा घ्यायचा का? (एक वाचक, भोसरी)

उत्तर : तुमच्या मालकांनी हसत हसत जे चार शब्द उच्चारले, त्यांनाच प्रेषित पौल 'हे युग' म्हणतो. साधारण इ. स. ५७ च्या सुमारास करिंथहून रोममधल्या मंडळीला लिहिताना त्याने जे ग्रीक क्रियापद वापरले, त्यात 'स्खेमा' म्हणजे बाहेरचा आकार, ठेवण हा शब्द आहे. भोसरीत राहणाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही, कारण फाउंड्रीत वितळलेला धातू साच्यात ओतताना तुम्ही पाहिलाच असेल. साच्याचा आकार घेण्यासाठी त्या रसाला काहीही करावे लागत नाही, नुसते वाहत जावे लागते. बाराव्या अध्यायाच्या त्याच वचनातले दुसरे क्रियापद, ज्याचे आपल्या भाषांतरात 'रूपांतर' झाले आहे, ते मत्तयाने आपल्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात डोंगरावर येशूचे रूप पालटले त्या प्रसंगी वापरलेले आहे.

आणखी एक बारकावा मराठी वाचकाच्या हातून सहज निसटतो. 'होऊ नका' हे आपल्याकडे आदरार्थीही वाचता येते, त्यामुळे आपण प्रत्येक जण ती आज्ञा आपल्या एकट्यापुरती ऐकतो. मूळ ग्रीकमध्ये मात्र ती स्पष्टपणे अनेकवचनी आहे, आणि त्याच्या आधीच्या वचनात अर्पण करायची 'शरीरे' अनेकवचनी असली तरी 'यज्ञ' मात्र एकवचनी आहे. ही आज्ञा मंडळीने मिळून पाळायची आहे. म्हणून तुमच्या पत्रातील मालकांपेक्षा मला त्या वडीलधाऱ्यांचे उत्तर अधिक खटकले, कारण मालकांनी निदान आपला साचा कोणता ते उघड सांगितले, तर वडीलधाऱ्यांनी तुम्हाला एकट्याला त्या साच्याकडे परत पाठवले.

आता नोकरीविषयी. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले आणि "आम्ही काय करावे?" असे त्यांनी विचारले, ही गोष्ट लूकने तिसऱ्या अध्यायात सांगितली आहे. त्या काळी जकातीचा मक्ता घेणाऱ्याने ठरलेल्या रकमेहून जास्त उकळावे आणि वरची रक्कम खिशात घालावी, हीच सर्वमान्य रीत होती. योहानाने त्यांना जकातनाका सोडायला सांगितले नाही. नेमून दिले आहे त्याहून अधिक घेऊ नका, एवढेच सांगितले. ऐकायला हे सोपे वाटते, परंतु ज्या वरकमाईसाठी माणसे त्या धंद्यात शिरत होती तीच त्याने काढून घेतली. म्हणजे ती नोंद न करता तुम्हाला तिथे राहता येत असेल तर राहावे, आणि नोंद केल्याशिवाय राहताच येत नसेल तर निघावे लागेल. मात्र निघण्याआधी नकार देऊन पाहण्याची पायरी आहे आणि ती तुम्ही अजून नीट चढलेला नाही. कुरकुर म्हणजे नकार नव्हे.

नकार कसा द्यावा हे दानीएलाकडून शिकण्यासारखे आहे. बाबेलच्या दरबारात त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी परकी नावे स्वीकारली, खास्द्यांची भाषा आणि विद्या तीन वर्षे शिकण्याचे मान्य केले, राजाची चाकरीही पत्करली, आणि एका ठिकाणी मात्र रेघ ओढली : राजाच्या ताटातले अन्न घ्यायचे नाही. नेमके अन्नच का, याविषयी टीकाकारांत मतभेद आहेत, पण त्याची रीत अगदी स्पष्ट आहे. त्याने भर दरबारात भाषण केले नाही. ज्याच्या हातात अधिकार होता त्याच्याकडे जाऊन परवानगी मागितली, त्या अधिकाऱ्याची भीती समजून घेतली आणि दहा दिवसांची परीक्षा सुचवली.

तुम्हीही मालकांना एकांतात, कोणतेही वचन न सुनावता सांगावे की माल आला असेल तर वजनकाट्याची पावती, ई-वे बिल आणि आवक नोंद जोडून द्या, मी त्याच दिवशी बिल चढवतो. आला नसेल तर ती नोंद माझ्या हातून होणार नाही. माल न पुरवता बिल देणे आणि अशा बिलावर क्रेडिट घेणे हे दोन्ही २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १३२ खाली गुन्हे आहेत, हेही त्यांच्या कानावर घालावे. धमकी म्हणून नव्हे, तर अटकेची वेळ आली तर ती आधी त्यांच्यावर येईल म्हणून. त्याच आठवड्यात दुसरी नोकरी शोधायला लागावे. मागच्या दोन वर्षांत तुमच्या हातून झालेल्या नोंदींबद्दल मात्र एखाद्या जाणत्या कर-सल्लागाराला स्वतःहून भेटावे. हे काम अप्रिय आहे, पण येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने झाडावरून खाली उतरल्यावर भजन म्हटले नाही, चौपट परत देण्याचा आकडा सांगितला.

इ. स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार प्लिनी याने सम्राट त्राजानाला ख्रिस्ती लोकांविषयी एक पत्र लिहिले. हे लोक पहाटे एकत्र जमतात आणि चोरी, लूट व व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, ठेव म्हणून ठेवलेले पैसे मागितल्यावर नाकारणार नाही, अशी शपथ घेतात, असे त्यात नमूद आहे. छळ करणाऱ्या अधिकाऱ्याच्या कागदात आपल्या पूर्वजांचे वेगळेपण पैशाच्या व्यवहारावरून नोंदले गेले, आणि ती शपथ ते एकत्र घेत होते. तेव्हा तुमच्या पाळकांना, आणि ते ऐकणार नसतील तर विश्वासातल्या दोन-तीन कुटुंबांना, सगळे उघड सांगा. नाताळच्या रोषणाईसाठी आणि मंडपासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या आपल्या मंडळ्यांना, सचोटीपायी नोकरी गेलेल्या सभासदाचे सहा महिन्यांचे हप्ते भरता येणार नाहीत, हे मला पटत नाही. त्यासाठी आजवर कोणी पावतीपुस्तक छापलेले नाही, एवढेच.

प्रभुभोजनाचे म्हणाल तर पौलाने आत्मपरीक्षा करा आणि मग भाकरी खा, असे लिहिले आहे. मागे राहा असे लिहिलेले नाही.

प्रश्न : माझी मुलगी खराडीच्या एका आयटी कंपनीत आहे. खंडेनवमीला तिथे संगणकांची पूजा होते, दिवाळीत सगळ्या मुली साडी नेसून टिकली लावतात, आणि तीही लावते. तिचे मामा म्हणतात की ही जगाशी तडजोड आहे आणि आपण ख्रिस्ती आहोत हे दिसले पाहिजे. घरात रोज वाद होतो. (एक आई, वानवडी)

उत्तर : साडी, टिकली, रांगोळी, फराळ यांना भ्रष्ट संस्कृती म्हणण्याचा अधिकार तिच्या मामांना कोणी दिला, हा प्रश्न मी आधी विचारेन. शेजाऱ्याची रीत आणि युगाचा साचा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत आपल्या समाजात दीडशे वर्षे चाललेली आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. तिथल्या मठातील भगिनींनी दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती, तेव्हा लॅटिनच का, माझ्या देशाची संस्कृत का नको, असे त्यांनी निक्षून विचारले. शाकाहारही त्यांनी सोडला नाही. हीच बाई पुढे पुण्यात शारदा सदन चालवताना विधवांच्या वाट्याला येणाऱ्या वागणुकीविरुद्ध उभी राहिली, आणि नंतर केडगावला मुक्ती मिशनमध्ये तिने दुष्काळातल्या मुली सांभाळल्या. काय ठेवायचे आणि काय मोडायचे हे रमाबाईंना कळत होते. त्यासाठी त्यांनी ना मिशनऱ्यांना विचारले, ना पुण्यातल्या शास्त्र्यांना. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन उपासनेत आणले, ते आज आपण डोळे मिटून गातो. त्या काळी त्यावर नाके मुरडणारे मामा नसतील असे मला वाटत नाही.

इ. स. १९७ च्या सुमारास तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाने रोमन लोकांना उत्तर देताना लिहिले आहे की आम्ही काही हिंदुस्थानातल्या ब्राह्मणांसारखे किंवा दिगंबर तपस्व्यांसारखे अरण्यात राहणारे नाही. तुमच्या बाजारात, स्नानगृहांत, दुकानांत तुमच्याबरोबरच वावरतो. आपल्या देशाचा उल्लेख त्यात आला आहे म्हणून ते वाक्य माझ्या लक्षात राहिले.

पूजेविषयी मात्र मुलीने विचार करावा. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल बाजारातले अन्न चौकशी न करता खा म्हणतो, आमंत्रण आले तर जा म्हणतो, पण मूर्तीच्या मेजावर सहभागी होऊ नका असेही त्याच दमात सांगतो. सहकाऱ्यांबरोबर उभे राहणे, शुभेच्छा देणे आणि पेढा घेणे यात मला दोष दिसत नाही. आरतीचे तबक हाती आले तर "हे मी करत नाही, तुम्ही करा, मी इथेच आहे" असे हसून म्हणता येते, आणि पुण्यातल्या बहुतेक कचेऱ्यांत त्यावर कोणी रागावत नाही. नामान या अरामी सेनापतीने आपल्या धन्यासोबत रिम्मोनाच्या देवळात वाकावे लागेल, त्याची क्षमा असावी, असे अलीशाला सांगितले तेव्हा संदेष्ट्याने त्याला शांतीने जा म्हटले. नियमांची यादी हातात दिली नाही.

१८९० साली याच शहरात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि इतर मंडळींनी चहा घेतला म्हणून ग्रामण्य म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण माजले आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. पेल्यावरून शुद्धता ठरवणे किती हास्यास्पद होते हे ख्रिस्ती घरांतून आजही चवीने सांगितले जाते. मग आपण तेच टिकलीवरून करू नये. मामांना भाचीची खरोखरच काळजी असेल तर त्यांनी तिला वेगळे प्रश्न विचारावेत : तुझ्या टीममध्ये न केलेल्या तासांचे बिल ग्राहकाला जाते का, दुसऱ्याच्या कामावर कोणी आपले नाव घालते का, आणि तेव्हा तू काय करतेस?

प्रश्न : माझ्या मुलीचे लग्न एका विश्वासू ख्रिस्ती घरात ठरत आहे. मुलाकडच्यांनी आधी आम्ही 'मूळचे कोण' हे विचारून घेतले, आणि आता मानपान, मोठा हॉल व मुलासाठी गाडी यांची अपेक्षा सुचवली आहे. "आम्ही मागत नाही, तुमच्या मुलीसाठीच आहे," असे ते म्हणतात. नाही म्हणावे तर स्थळ जाईल. (एक वडील, पिंपरी)

उत्तर : काही वर्षांपूर्वी अशाच एका याद्यांच्या बैठकीला मी मुलाकडून बसलो होतो. सुरुवातीला मला प्रार्थना करायला सांगितली, ती मी केली, सर्वांनी आमेन म्हटले, आणि मग त्याच मेजावर शाळेच्या वहीचे रेघांचे पान उघडून मुलाच्या काकांनी क्रमांक घालून वाचायला सुरुवात केली : भांड्यांचा सेट, अंगठी, आहेराच्या साड्या, मोटारसायकल. मोटारसायकलच्या पुढे कंसात कंपनीचे नावही लिहिलेले होते. मुलीचे वडील मान हलवत होते आणि त्यांचा चहा तसाच निवत होता. मी प्रार्थनेला तोंड उघडले, यादीला उघडले नाही. तेव्हा तुम्हाला उत्तर देताना मी वरच्या जागेवरून बोलत नाही.

१९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने घेणे आणि देणे दोन्ही गुन्हा आहे, आणि 'तुमच्या मुलीसाठीच' हे शब्द जोडल्याने मागणीचे रूप बदलत नाही. 'मूळचे कोण' हा प्रश्न तर त्याहून जुना साचा आहे. ख्रिस्तात यहूदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही, असे गलतीकरांस पत्रात वाचणारी आपली घरे बाप्तिस्म्यानंतर तीन पिढ्यांनीही तो विचारतात, आणि विचारताना आवाज थोडा खाली आणतात. बाहेरच्या जगाने आपल्याला बिघडवले अशी तक्रार इथे करता येणार नाही, कारण हा साचा आपण सोबत घेऊनच मंडळीत आलो आणि त्याला आतल्या खोलीत जागा दिली.

पुढची बैठक होऊ द्या, पण त्याआधी मुलीला विचारा की हे सगळे तिला माहीत आहे का. माहीत नसेल तर आज सांगा. मग मुलाला एकट्याला, त्याच्या आईवडिलांशिवाय, घरी चहाला बोलवा आणि गाडीविषयी त्याला स्वतःला काय वाटते ते विचारा. त्याने "मला नको" असे स्पष्ट म्हटले तर ते तोच त्याच्या घरी सांगेल का, हेही विचारा. "घरचे ठरवतील तसे" असे तो म्हणाला, तर लग्नानंतरही घरचेच ठरवतील, आणि मग स्थळ गेल्याचे दुःख बाळगण्यासारखे काही उरणार नाही. बैठकीला तुमच्या पाळकांना बोलवणार असाल तर प्रार्थना यादीनंतर ठेवा, म्हणजे कशावर आमेन म्हणायचे ते सर्वांना आधी कळेल.