भाची घर सोडून माझ्याकडे आलीय, परत पाठवू का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी पुण्यात राहते. माझ्या बहिणीचं लेकरू, वय 20, गाव बीड जिल्ह्यातलं, घरात मुलगा म्हणून वाढलं पण ती लहानपणापासून स्वतःला मुलगीच मानते. दिवाळीत तिने घरी सांगितलं तर भावजींनी मारलं, केस कापले, फोन काढून घेतला, एका बाबाकडे पण नेलं. शेवटी रात्रीची एसटी पकडून ती माझ्याकडे आली. भावजी म्हणतात परत पाठव नाहीतर मिसिंगची कंप्लेंट देतो, तुझ्यावर पळवून नेल्याची केस करतो. मिस्टर घाबरलेत. आता फोन येतोय की आजी सिरीयस आहे, एकदा भेटून जाऊ दे. काय करू?
— एक मावशी

उत्तर: ताई, नका पाठवू. ती सज्ञान आहे, कुठे राहायचं ते तीच ठरवणार, आणि स्वतःच्या पायांनी मावशीकडे आलेल्या 20 वर्षांच्या माणसाला पळवून नेलं असं होत नाही, हे मिस्टरांना शांतपणे सांगा.

पण कंप्लेंटची भीती खोटी नाही, म्हणून भावजींच्या आधी तुम्हीच हला. तिने स्वतःच्या हाताने अर्ज लिहायचा, माझं वय इतकं, घरी मारहाण झाली, मी स्वखुशीने मावशीकडे राहतेय, घरच्यांपासून मला धोका आहे. ओळखपत्राची झेरॉक्स जोडून तुमच्या पोलीस स्टेशनला द्या आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका, एक प्रत गावच्या ठाण्याला स्पीड पोस्टाने. एकट्या जाऊ नका, वकील सोबत हवा, पैसे नसतील तर 15100 ला फोन करा, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. वकिलांना मद्रास हायकोर्टाचा 2021 चा आदेश दाखवा, घरच्यांनी अशी मिसिंग दिली आणि व्यक्ती सज्ञान, मर्जीने गेलेली निघाली तर जबाब घेऊन तक्रार बंद करा, छळू नका असं पोलिसांना त्यात सांगितलंय. आदेश तामिळनाडूतला आहे पण मुद्दा मांडायला उपयोगी पडतो. शिवाय 2019 च्या ट्रान्सजेंडर कायद्याच्या कलम 18 मध्ये घराबाहेर काढणं, मारहाण हा गुन्हा आहे, सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा. मला ही शिक्षा फार कमी वाटते, पण तक्रार करायला आधार आहे.

आता आजी. खरंच आजारी असेलही, पण या कारणाने बोलावून घेतात आणि मग खोलीला कडी लागते, म्हणून व्हिडिओ कॉलवर बोलू द्या, प्रत्यक्ष भेट आत्ता नको. कागदसुद्धा असेच अडकवतात. 2015 मध्ये दिल्ली हायकोर्टात अमेरिकेत वाढलेल्या 19 वर्षांच्या एका ट्रान्समॅनची (मुलगी म्हणून वाढवलेला, पण स्वतःला मुलगा मानणारा) केस आली होती, आईवडिलांनी भारतात आणून पासपोर्ट काढून घेतला होता, तो आग्र्याहून दिल्लीला पळाला आणि कोर्टाने त्याला संरक्षण दिलं. तुमच्या भाचीची मार्कशीट गावीच राहिली असेल ना? डुप्लिकेट बोर्डाच्या विभागीय कार्यालयातून मिळते, त्यासाठी घरी जायची गरज नाही. बँक खातं वडिलांसोबत जॉइंट असेल तर नवं काढा, सिमसुद्धा तिच्याच नावावर घ्या.

आणि तुमच्या बहिणीबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. ती काय म्हणते? भावजी घरात नसताना तिला एक फोन करा, लेक जेवतेय, झोपतेय एवढं तरी तिला कळू द्या.