हरलेली फौज लढायला कशी शिकली?

प्रश्न : १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून माघार घेतलेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेने १९४५ पर्यंत जपान्यांना तिथूनच हुसकावले. लढून लढून अनुभव आला, एवढेच का?

उत्तर : नाही. अनुभव १९४२ मध्ये भरपूर आला, १९४३ च्या आराकान (ब्रह्मदेशाची पश्चिम किनारपट्टी) मोहिमेत पुन्हा आला, आणि दोन्ही वेळा हारच झाली. आपण नेमके कशामुळे हरलो ते शोधून नव्या जवानाला आघाडीवर जाण्याआधीच शिकवायला लागले, तेव्हा फरक पडला.

१९४२ मध्ये सगळी रसद ट्रकवर होती. जपानी समोरून झुंजवत ठेवत, जंगलातून वळसा घालत आणि मागचा रस्ता अडवत. रस्ता गेला की माघार ठरलेली! त्यावरचा उपाय म्हणजे ‘बॉक्स’ : दारूगोळा, तोफा, दवाखाना मध्ये आणि चारही बाजूंनी मोर्चे. वेढा पडला तरी जागा सोडायची नाही. रसद डकोटा विमानांतून टाकायची. फेब्रुवारी १९४४ मध्ये आराकानात सिंझवेयाला हे निभावले.

बॉक्समध्ये रात्र सर्वांत अवघड. जपानी अंधारात आरडाओरडा करत, फटाके उडवत. घाबरून मशीनगन सुरू झाली की तिची जागा त्यांना कळे आणि खरा हल्ला तिच्यावरच येई. म्हणून लक्ष्य दिसल्याखेरीज गोळी झाडायची नाही. शत्रू अंगावर आलाच तर हातबॉम्ब किंवा संगीन. हा संयम आघाडीवर शिकायला वेळच नसतो, तो आधीच अंगी बाणवावा लागतो.

मलेरियाही तितकाच महत्त्वाचा. १९४३ मध्ये एका जखमीमागे १२० आजारी मागे पाठवावे लागत. मलेरिया रोखणारी मेपाक्रिनची रोजची गोळी सक्तीची झाली, जवान ती खरोखर घेतात का याची अचानक तपासणी होऊ लागली आणि हयगय करणारे काही कमांडिंग ऑफिसर पदावरून हटवले गेले. आमच्या मते हीसुद्धा युद्धकौशल्याचीच गोष्ट आहे.

प्रश्न : मुरलेले जवान मारले गेले की शिकलेले टिकते कसे?

उत्तर : शिकवणारी माणसे मागे ठेवली तरच. १९४३ मध्ये १४ वी आणि ३९ वी या दोन डिव्हिजन लढाईतून काढून प्रशिक्षणाला दिल्या. एक छिंदवाड्याला, दुसरी सहारनपूरला. प्राथमिक शिक्षण झालेला रंगरूट तिथे सुमारे दोन महिने जंगलयुद्ध शिके, मगच पलटणीत जाई.

जपानी सैनिक शौर्यात कमी नव्हते, पण त्यांच्या सेनापतींनी जुनाच हिशेब धरला. १९४४ मध्ये इंफाळवर निघताना त्यांनी जेमतेम तीन आठवड्यांचा शिधा घेतला. वेढले की शत्रू पळेल आणि त्याची कोठारे हाती लागतील, या भरवशावर.