झंस्कारला जायचंय? तुमचे प्रश्न

लडाखमधल्या झंस्कार नदीवर राफ्टिंगला जाण्याबद्दल कोल्हापुरातून आलेल्या प्रश्नांची ही उत्तरं.

दिवाळीच्या सुट्टीत जमेल का? (राजारामपुरी)

नाही. तोवर राफ्टिंग बंद झालेलं असतं. जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्ट हे खरे दिवस. तेव्हा आपल्याकडे पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली असतो, त्यामुळे घरचे धास्तावतील. पण पंचगंगा पावसानं चढते, झंस्कार उन्हानं. बर्फ वितळून दुपारनंतर पाणी वाढतं, म्हणून वाटेतले ओढे सकाळीच ओलांडायचे.

पाच दिवसांची रजा आहे. विमानानं लेहला उतरून दुसऱ्या दिवशी नदीत उतरता येईल? (शाहूपुरी)

कृपा करून असं करू नका. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर, लेह सुमारे ३,५०० मीटरवर. पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घ्या. डोकं ठणकत असेल, मळमळत असेल तर आणखी वर जाऊ नका. एवढ्या रजेत चिलिंग ते निमू या दोन गावांमधला राफ्टिंगचा एका दिवसाचा टप्पा होतो. निमूला झंस्कार सिंधूला मिळते. पदुम या झंस्कारमधल्या मुख्य गावापासूनची खोल घळ बघायची असेल तर दहा-बारा दिवस काढा आणि त्यात एक दिवस मोकळा ठेवा. दरड कोसळली की रस्ता बंद होतो.

पंचगंगेच्या पुरात पोहलोय. लाइफ जॅकेट लागेलच का? (मंगळवार पेठ)

लागेलच, आणि पट्टे करकचून आवळलेलं. पोहणाऱ्यांचीच मला जास्त काळजी वाटते. बर्फाच्या पाण्यात पडल्यावर आधी दम कोंडतो, मग आपोआप धापा लागतात. त्यात तोंड पाण्याखाली असलं तर पाणी थेट छातीत. काही मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात. तिथं पट्टीच्या पोहणाऱ्याचंही काही चालत नाही, जॅकेटच वर धरतं. पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेनं आणि पृष्ठभागाजवळ ठेवा. पाणी उथळ दिसलं तरी वाहत्या धारेत उभं राहू नका. पाऊल दगडांच्या फटीत अडकतं आणि मागचं पाणी माणसाला आडवं पाडून दाबून धरतं. वेटसूट, हेल्मेट आणि सोबत बचावाची कयाक (छोटी, निमुळती होडी) न देणाऱ्याकडे पैसे भरू नका.

फोन लागतो का? (कसबा बावडा)

बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घ्या. घळीत तेही भरवशाचं नाही. आयोजकाचा नंबर आणि परतीची तारीख घरी लिहून द्या.