पुस्तक कुणाच्या हातात जाणार आहे?

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांमध्ये एक विषय पुन्हा पुन्हा दिसतो: कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली अद्भुतरम्य कादंबरी स्वतःच प्रकाशित करायची, तर काय करावं आणि ती वाचकांपर्यंत कशी न्यावी? मी अशा तीन कादंबऱ्या स्वतः काढल्या. पहिली चुकीच्या हातांत गेली, तिसरी योग्य हातांत पोचली. त्या दोन्ही अनुभवांच्या आधारे या वेळी उत्तरं देते आहे. आधी पत्रातला प्रश्न, मग माझं उत्तर.

माझी कादंबरी एक लाख चाळीस हजार शब्दांची झाली आहे. चार प्रकाशकांकडे पाठवली. दोघांनी नकार कळवला, दोघांनी काहीच कळवलं नाही. आता एक संस्था ‘संपूर्ण पॅकेज’ द्यायला तयार आहे. संपादन, मुखपृष्ठ, छपाई, प्रसिद्धी सगळं ते करणार, पैसे मी भरायचे. घ्यावं का?

सही करण्याआधी करार घरी आणून शांतपणे वाचा. स्व-प्रकाशनात प्रकाशक तुम्ही असता. संपादक, चित्रकार, पानांची मांडणी करणारा यांना तुम्ही नेमता, त्यांचं मानधन देता आणि पुस्तकाचे सगळे हक्क तुमच्याकडे राहतात. पैसे तुमचे आणि हक्क दुसऱ्याचे, अशी व्यवस्था असेल तर ते स्व-प्रकाशन नव्हे. चार गोष्टी लेखी विचारा. हक्क किती काळासाठी जातात? आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, कुणाच्या नावावर घेणार? मांडणीच्या आणि मुखपृष्ठाच्या मूळ फायली मला मिळणार का? करारातून बाहेर पडायचं झालं तर काय?

हे मी विचारलं नव्हतं. पहिल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ बदलायची वेळ आली, तेव्हा मला सांगण्यात आलं की फायली त्यांच्या मालकीच्या आहेत. तीनशेहून जास्त पानांची मांडणी पहिल्यापासून करून घ्यावी लागली. तो खर्च मी सोसला, पण त्यात गेलेलं वर्ष आजही सलतं.

आज प्रती छापून घरात रचून ठेवण्याची गरज उरलेली नाही. लेखकाला स्वतः पुस्तक प्रकाशित करू देणारी ॲमेझॉनची केडीपी ही सेवा २००७ मध्ये किंडल या ई-बुक वाचायच्या उपकरणाबरोबरच सुरू झाली, इन्ग्रॅमस्पार्क ही तशीच दुसरी सेवा २०१३ मध्ये आली. मागणी येईल तशी एकेक प्रत छापली जाते आणि छपाईचा खर्च त्या प्रतीच्या किमतीतून वळता होतो. इथेच तुमची शब्दसंख्या आड येते. पानं वाढली की प्रत्येक प्रतीचा छपाईखर्च वाढतो, म्हणजे एक तर किंमत वाढवा, नाहीतर हाती येणारी रक्कम कमी होऊ द्या. या प्रकारातल्या पहिल्या कादंबऱ्या साधारण सत्तर हजार ते एक लाख शब्दांच्या असतात. तुमच्या कथेच्या मध्यावर खराखुरा शेवट असेल तर दोन पुस्तकं करा. तसा शेवट नसेल तर मात्र मधूनच तोडू नका. वाचकाला अर्ध्यावर सोडलं की तो दुसऱ्या भागासाठी परत येत नाही.

पैसा मोजकाच असेल तर आधी संपादनावर खर्च करा, मग मुखपृष्ठावर, मग मुद्रितशोधनावर. प्रसिद्धीसाठी यातून काहीही बाजूला काढू नका. आणि संपादकाकडे जाण्याआधी बिनखर्चाचं एक काम करा. तिसऱ्या कादंबरीचं हस्तलिखित मी तेरा ते सतरा वर्षांच्या पाच मुलामुलींना, त्यांच्या पालकांना विचारून, वाचायला दिलं. ‘आवडलं का?’ असं विचारलं नाही, कारण मुलं मोठ्यांचं मन राखतात. एवढंच सांगितलं, की वाचताना जिथे पुस्तक खाली ठेवाल तिथे पेन्सिलने रेघ मारा. पाचपैकी तिघांची रेघ एकाच प्रकरणात होती, चौथ्या. तिथे मी सात राज्यांचा सगळा इतिहास सांगत बसले होते. मी अकरा पानं काढून टाकली. त्या इतिहासातलं जे खरोखर लागणार होतं, ते पुढे एका भांडणातल्या दोन वाक्यांत बसलं.

माझी नायिका पंधरा वर्षांची आहे, कथेत युद्ध आहे, तिचा भाऊ मरतो. मुखपृष्ठावर पंख पसरलेलं गोंडस ड्रॅगनचं पिल्लू आहे. चित्र सगळ्यांना आवडतं, पण पुस्तक कुणी घेत नाही. कुठे चुकतंय?

तुमचं पत्र वाचताना मला माझंच पहिलं पुस्तक दिसलं. माझ्याही मुखपृष्ठावर गोल डोळ्यांचा, हसरा प्राणी होता. एका आईने मला लिहिलं, की नऊ वर्षांच्या मुलीसाठी पुस्तक घेतलं आणि सहाव्या प्रकरणानंतर ती दोन रात्री एकटी झोपली नाही. ते पत्र मी जपून ठेवलं आहे. त्या मुलीला मी फसवलं, असंच मला वाटतं. आणि ज्या पंधरा वर्षांच्या मुलीसाठी ते पुस्तक होतं, तिने ते ‘लहान मुलांचं’ समजून हातातही घेतलं नाही.

मुखपृष्ठ, मागच्या पृष्ठावरचा मजकूर, वयोगट या तिन्हींनी वाचकाला एकच गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेतल्या ग्रंथपालांची ‘याल्सा’ ही संघटना ‘यंग ॲडल्ट’ वाचकांचं वय १२ ते १८ धरते. पण बारा आणि अठरा यांत केवढं अंतर आहे! आपल्या कथेचा वाचक त्यात नेमका कुठे बसतो, हे स्वतःशी ठरवा. मुलं आपल्यापेक्षा थोड्या मोठ्या नायकाबद्दल वाचतात, धाकट्याबद्दल सहसा नाही. तुमची नायिका पंधराची, म्हणजे तुमची वाचक तेरा-चौदाची. तिला मुखपृष्ठावर पिल्लू नको आहे, तिला नायिकेचा निर्धार दिसायला हवा. नवं चित्र काढून झालं की ते अंगठ्याच्या नखाएवढं करून पाहा. ऑनलाइन दुकानात ते साधारण तेवढंच दिसतं. नाव वाचता येत नसेल तर अक्षर बदला. चित्र एखाद्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या (एआय) साधनाने तयार केलं असेल, तर केडीपीवर पुस्तक चढवताना ते जाहीर करावं लागतं. २०२३ पासून तसा नियम आहे.

मागच्या मजकुरात जगाची ओळख करून देऊ नका. नायिकेला काय हवं आहे, वाटेत कोण उभं आहे, आणि ते मिळवताना तिच्या हातून काय जाऊ शकतं, एवढंच लिहा. शंभर-दीडशे शब्द पुरतात. नव्याने घडवलेली विशेषनामं दोनपेक्षा जास्त नकोत, आणि तीसुद्धा सहज उच्चारता येणारी. जे नाव जिभेवर येत नाही ते मैत्रिणीला सांगता येत नाही. माझ्या एका राज्याच्या नावात सलग दोन जोडाक्षरं होती. पाचही मुलांनी त्याचा उल्लेख ‘ते डोंगरातलं राज्य’ असा केला. मी ते नाव बदललं.

राहिलं दुकानातलं स्थान. केडीपीवर पुस्तकासाठी तीन वर्ग निवडता येतात, शोधशब्दांसाठी सात रकाने असतात आणि वाचकाचं वयही नोंदवता येतं. तिन्ही ठिकाणी प्रामाणिक राहा. गर्दी कमी आहे म्हणून भलत्याच वर्गात पुस्तक घुसवलं, तर ते भलत्याच माणसापुढे उघडतं.

पुस्तक येऊन दोन महिने झाले. एकतीस प्रती गेल्या, त्यातल्या बऱ्याच नातेवाइकांनी घेतल्या. जाहिरातीवर पैसे घालू का?

आत्ता नको. एकतीस प्रतींवरून पुस्तक पडलं असा निष्कर्ष काढू नका. ते अजून अनोळखी वाचकाच्या हातात गेलेलंच नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आधी परीक्षणांचं बघू. नातेवाइकांना परीक्षण लिहायला सांगू नका. ॲमेझॉन घरच्यांची आणि जवळच्या मित्रांची परीक्षणं मान्य करत नाही, पैसे देऊन लिहवून घेतलेली तर नाहीच नाही. अशी परीक्षणं काढून टाकली जातात, खात्यावरही गंडांतर येऊ शकतं. प्रकाशनाआधी किंवा आताही काही प्रती विनामूल्य वाचायला देणं मात्र चालतं. अट एकच, की परीक्षण लिहाच, किंवा चांगलंच लिहा, असा आग्रह धरायचा नाही. मी तिसऱ्या पुस्तकाच्या चाळीस ई-प्रती अशा दिल्या. सतरा जणांनी लिहिलं. त्यातल्या एकाने दोन तारे देऊन लिहिलं की शेवट घाईत उरकला आहे. त्याचं म्हणणं बरोबर होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही. परीक्षणाखाली लेखकाने वाद घालू नये, आभारही मानू नयेत. ती जागा वाचकांची आहे.

मग वाटेत कोण कोण उभं आहे ते पाहा. तेरा वर्षांच्या मुलीकडे स्वतःचं बँक कार्ड नसतं. पुस्तक तिचे पालक घेतात, शिक्षिका सुचवतात किंवा ग्रंथपाल आणतात. शिवाय मोठी माणसंही ही पुस्तकं स्वतःसाठी घेतात. बाउकर या संस्थेने २०१२ मध्ये केलेल्या पाहणीत यंग ॲडल्ट पुस्तकं विकत घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक अठरा किंवा त्याहून जास्त वयाचे निघाले. म्हणून मुलांच्या मागे धावण्यापेक्षा शाळेच्या ग्रंथपालांना एक पानाचं पत्र पाठवा. पुस्तक कोणत्या वयासाठी आहे, त्यात हिंसा किती आहे, मृत्यू आहे का, हे त्यात सरळ लिहा. ही माहिती दडवली तर विश्वास जातो. उघड सांगितली तर ग्रंथपाल पुस्तक नेमक्या मुलापुढे ठेवतात. हे काम त्यांच्याइतकं चांगलं कुणालाही जमत नाही.

या संदर्भात ख्रिस्तोफर पाओलिनी यांचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. ‘एरागॉन’ ही अद्भुतरम्य कादंबरी लिहायला त्यांनी पंधराव्या वर्षी सुरुवात केली. २००२ मध्ये घरच्यांनीच ते पुस्तक काढलं. मग ते मध्ययुगीन पोशाख घालून शाळा, ग्रंथालयं, दुकानं फिरले. असे १३५ हून अधिक कार्यक्रम त्यांनी केले. कादंबरीकार कार्ल हायासन यांच्या सावत्र मुलाच्या हातात ती प्रत पडली, त्याला ती आवडली, हायासन यांनी आपल्या प्रकाशकाला कळवलं आणि २००३ मध्ये नॉफ या प्रकाशनसंस्थेने ती नव्याने काढली. एका मुलाला आवडलेलं पुस्तक किती लांब जातं, ते यात दिसतं. अर्थात त्याच्यापर्यंत ते पोचावं म्हणून शेकडो तास उभं राहून बोलावं लागलं, हेही विसरू नका.

ई-बुकबद्दल एक निर्णय तुम्हाला घ्यावा लागेल. केडीपी सिलेक्ट या योजनेत नाव नोंदवलं तर नव्वद दिवस ते ई-बुक दुसऱ्या कोणत्याही दुकानात ठेवता येत नाही. त्या बदल्यात ते किंडल अनलिमिटेड या वर्गणी भरून वाचायच्या योजनेच्या सभासदांना उपलब्ध होतं आणि वाचल्या गेलेल्या पानांनुसार पैसे मिळतात. मी पहिले नव्वद दिवस आत राहिले आणि मग बाहेर पडले. माझे वाचक मुख्यतः छापील प्रतच मागत होते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसरा भाग लिहायला घ्या. जाहिरातीने आलेल्या वाचकाला पुढे वाचायला काहीच नसेल तर तो खर्च त्या एका प्रतीवरच संपतो. मी पहिल्या दोन पुस्तकांच्या वेळी जाहिराती दिल्या आणि पैसे वाया गेले. तिसरं पुस्तक आल्यावर पहिल्याची जाहिरात दिली, तेव्हा कुठे ती फळली, कारण एक वाचक तिन्ही पुस्तकं घेऊ लागला. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पुढच्या भागाचं पहिलं प्रकरण आणि तुमच्या ईमेल-पत्रिकेसाठी नाव नोंदवण्याची सोय ठेवा. तेरा वर्षांखालच्या मुलांचे पत्ते मात्र घेऊ नका. तिथे पालकांचा ईमेल मागा.

मी सोळा वर्षांची आहे. माझी कादंबरी पूर्ण झाली आहे. मला स्वतः प्रकाशित करता येईल का?

पूर्ण केलीस, याचा मला खूप आनंद झाला. केडीपीचं खातं काढायला अठरा वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे ते आईच्या किंवा बाबांच्या नावाने काढावं लागेल आणि पैशांचा हिशेबही त्यांच्याच नावावर राहील. पण त्याआधी हस्तलिखित दोन महिने बाजूला ठेव आणि मग मोठ्याने वाच. घाई नाही. हवं तर टोपणनाव घे. शाळेचं नाव, राहण्याचं ठिकाण यांतलं काहीही पुस्तकात किंवा समाजमाध्यमांवर घालू नकोस. वाचकांची पत्रं आली तर ती घरातल्या मोठ्या माणसासोबत उघड. वाईट परीक्षण येईल, सगळ्यांना येतं. त्या दिवशी पुढच्या गोष्टीचं एक पान लिही.

कॉपीराइट नोंदवल्याशिवाय हस्तलिखित कुणाला दाखवायची भीती वाटते. आणि प्रत्येक आवृत्तीला वेगळा आयएसबीएन लागतो का?

कॉपीराइटविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत लेखन कागदावर उतरताच हक्क तुमचा होतो, तो नोंदणीवर अवलंबून नाही. वाद झालाच तर नोंदणी उपयोगी पडते, म्हणून जमलं तर करा, पण त्यापायी पहिल्या वाचकांना अडवून धरू नका. आयएसबीएन प्रत्येक स्वरूपाला वेगळा लागतो: कागदी बांधणीला एक, पुठ्ठा बांधणीला दुसरा. किंडलवरच्या ई-बुकला तो नसला तरी चालतं. केडीपीचा मोफत आयएसबीएन तिथल्याच छापील प्रतीसाठी असतो, दुसरीकडे तो वापरता येत नाही.

कादंबरीत नकाशा हवाच का?

कथेत प्रवास असेल तर हवा. ज्या गावांत पात्रं जातात किंवा ज्यांच्याविषयी बोलतात, तेवढीच त्यात दाखवा. काळ्या-पांढऱ्या रेषांत काढून घ्या, कारण आतली पानं रंगीत छापली तर खर्च बराच वाढतो. बारीक राखाडी छटा साध्या कागदावर मिसळून जातात. ई-बुकसाठी मोठ्या अक्षरांची वेगळी प्रत करा. आणि छापील प्रूफ, म्हणजे तपासायची प्रत, हातात घेतल्याशिवाय मंजुरी देऊ नका. पडद्यावर माझा दोन पानी नकाशा सुंदर दिसत होता. प्रूफ आलं तेव्हा राजधानी नेमकी दोन पानांच्या मधल्या बांधणीत गडप झाली होती. मग डाव्या पानावर उत्तरेचा प्रदेश आणि उजव्या पानावर दक्षिणेचा, असे दोन स्वतंत्र नकाशे केले. नदी दोन्हींत दाखवली, म्हणजे एकातून दुसऱ्यात जाता येतं.