गॅरार्ड झिरो १०० घेताय? आधी आर्म तपासा

यंत्र जरूर घ्या, पण चकचकीत प्लिंथ (यंत्राची खालची बैठक) बघून भुलू नका. इंग्लंडमधल्या स्विंडनच्या गॅरार्डने १९७१मध्ये आणलेल्या या टर्नटेबलचा, म्हणजे तबकड्या वाजवणाऱ्या यंत्राचा, खरा जीव त्याच्या टोनआर्ममध्ये, पिन धरणाऱ्या दांडीत आहे.

साधा आर्म एका खुंटीभोवती कमानीत फिरतो, त्यामुळे पिन तबकडीवरच्या खाचेला फक्त दोन जागी अचूक स्पर्शरेषेत असते. बाकी ठिकाणी दोनेक अंशांचा फरक पडतो. झिरो १००मध्ये मुख्य नळीशेजारी दुसरी बारीक दांडी आहे. आर्म आत सरकतो तशी ती हेडशेल (आर्मचं पिन बसवलेलं टोक) हळूहळू वळवते आणि पिन शेवटपर्यंत खाचेच्या दिशेतच राहते. तबकडीच्या आतल्या गाण्यांत हे कानाला जाणवतं. मला ही रचना आजही विलक्षण सुंदर वाटते.

पण सांधे वाढले की घर्षणही वाढतं. हेडशेल बोटांत अलगद धरून हलवून बघा. खडखड नको आणि अडखळणंही नको. जुनं ग्रीस घट्ट झालं असेल तर ते काढून अगदी थेंबभर हलकं तेल पुरतं. पिनेच्या अतिशय कमी वजनावर चालणारी कार्ट्रिज (पिन बसवलेला छोटा भाग) लावायचा हट्ट करू नका.

आणखी एक: यंत्र अमेरिकेतून आलेलं असेल तर मोटरची पुली (दांड्यावरची चकती) तिथल्या ६० हर्ट्झ विजेसाठी असते. आपल्या ५० हर्ट्झ विजेवर मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी २८च्या आसपास रेंगाळेल. पुली बदलून घ्या, नुसता ट्रान्सफॉर्मर लावून भागणार नाही. आयडलर चाकाचं (मोटरची गती तबकडीच्या थाळीला देणाऱ्या चाकाचं) रबर कडक झालंय का, तेही बघा. त्याला तेल मात्र चुकूनही लावू नका.