शहरात चालवायला छोटी गाडी घेतोय, एएमटी घ्यावी की मॅन्युअल?

कोथरूड ते हिंजवडी रोजचं जाणं-येणं, गणपतीला आणि शिमग्याला चिपळूण, गाडी तुमच्याबरोबर मिसेसही चालवणार आणि वॅगन आर घ्यायचं जवळपास पक्कं. एवढं सगळं तुम्ही प्रश्नातच सांगितल्यामुळे गोल गोल उत्तर देत नाही. एएमटी, म्हणजे क्लच न दाबता गिअर आपोआप बदलणारी, घ्या. फक्त १.२ लिटर इंजिनाची घ्या आणि ती चालवायची पद्धत आधी समजून घ्या. "झटके देते" आणि "घाटात मार खाते" या ज्या दोन तक्रारी तुमच्या कानावर आल्यात, त्या खोट्या नाहीत. पण त्या बहुतेक वेळा गाडीला पूर्ण ऑटोमॅटिक समजून चालवणाऱ्यांच्या असतात. आमच्या घरी दोन्ही प्रकारच्या गाड्या आहेत आणि मी दोन्ही चालवतो, त्यावरून सांगतोय.

एएमटीच्या पोटात मॅन्युअलचाच गिअरबॉक्स असतो. तेच दाते, तीच कोरडी क्लच प्लेट. तुमचा डावा पाय आणि डावा हात जे काम करायचे ते इथे ॲक्च्युएटर नावाचा भाग करतो, मारुतीच्या एजीएसमध्ये (मारुती एएमटीला हेच नाव देते) हायड्रॉलिक दाबाने. कधी करायचं ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. २०१४ च्या फेब्रुवारीत सेलेरियोबरोबर ही सोय आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत आली. तंत्र इटलीच्या मॅग्नेटी मरेलीचं. त्याआधी छोट्या गाडीत ऑटोमॅटिक हवी तर बरेच पैसे जास्त मोजायचे आणि वर मायलेजलाही फटका बसायचा. आता मॅन्युअल आणि एएमटीत साधारण पंचेचाळीस-पन्नास हजारांचा फरक पडतो, आणि कागदावरचं मायलेज तर एएमटीचंच किंचित जास्त आहे. वॅगन आरच्या १.२ ला मॅन्युअलमध्ये २३.५६ आणि एजीएसमध्ये २४.४३ किलोमीटर प्रति लिटर. रस्त्यावर दोन्हींना एवढं मिळत नाही, पण "ऑटोमॅटिक म्हणजे पेट्रोल पिणार" ही भीती इथे लागू होत नाही.

आता झटक्याचं. गिअर बदलताना क्लच सुटतो, इंजिनाचा जोर क्षणभर चाकांपर्यंत पोचत नाही, मग क्लच परत बसतो. मॅन्युअलमध्येही अगदी हेच होतं. पण तिथे गिअर तुम्ही स्वतः बदलता, त्यामुळे ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप उचलला जातो आणि अंग सावरलेलं असतं. एएमटीत तो क्षण तुम्हाला कळत नाही, पाय तसाच दाबलेला राहतो आणि मान पुढे जाते. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना हे सगळ्यात जास्त जाणवतं. उपाय सोपा आहे. गाडी सुटल्यावर इंजिनाचा आवाज चढला की पाय जरासा सैल करा. कॉम्प्युटर त्याचीच वाट बघत असतो, लगेच पुढचा गिअर टाकतो आणि मागे बसलेल्याला कळतही नाही. हे एकदा पायात बसलं की पुन्हा विचार करावा लागत नाही. पाय रेटून चालवायची सवय असेल तर मात्र ही गाडी तुम्हाला शेवटपर्यंत त्रास देईल, हे खरं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण तिच्यात पैसे जातात. ब्रेक सोडला की एएमटी हळूहळू पुढे सरकते. ती सरकते तेव्हा आत क्लच प्लेट अर्धवट घासत असते, म्हणजे आपण ज्याला हाफ क्लच म्हणतो तेच. भूमकर चौकाच्या रांगेत गाडी वीतभर, वीतभर सरकवत राहिलात तर प्लेट सतत घासत राहते. त्यापेक्षा पुढच्या गाडीला थोडं जाऊ द्या, एक गाडी मावेल एवढी जागा झाली की एकदम पुढे जा आणि पुन्हा ब्रेकवर थांबा. मध्ये एखादा रिक्षावाला घुसेल. घुसू दे. चढावर थांबलात की गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका. मॅन्युअलवाल्यांना ही सवय असते आणि एएमटीत तिनेच सगळ्यात लवकर वाट लागते. प्लेट तापून वास येतो, डॅशबोर्डवर इशारा येतो, आणि तरीही रेटलंत तर गाडी रस्त्यात उभी राहते. चढावर पाय ब्रेकवरच हवा. हिल होल्ड आहे, तो पाय उचलल्यावर एक-दोन सेकंद गाडी धरून ठेवतो. तेवढा वेळ पुरतो.

चिपळूणचं म्हणाल तर कुंभार्ली घाट एएमटी आरामात चढते, पण तिथे डी वर (ड्राइव्ह, म्हणजे गिअर गाडीच ठरवते) सोडून देऊ नका. वळणावर वेग कमी झाला की कॉम्प्युटर खालचा गिअर टाकायला क्षणभर उशीर करतो. त्याला पुढचं वळण दिसत नाही, तुम्हाला दिसतं. म्हणून एम मध्ये, म्हणजे मॅन्युअल मोडमध्ये, घ्या आणि दुसरा-तिसरा गिअर तुम्हीच ठरवा. क्लच दाबायचा नसल्यामुळे हे मॅन्युअलपेक्षाही सोपं जातं. उतरताना दुसऱ्यावर ठेवलंत तर इंजिनच गाडी धरतं, ब्रेक तापत नाहीत. दुपदरी रस्त्यावर एसटीला ओव्हरटेक करायचं असेल तर आधी एम मध्ये एक गिअर खाली घ्या, मगच बाहेर निघा. डी वर असताना पाय दाबून बाहेर पडलात तर तो अर्धा-एक सेकंद फार मोठा वाटतो. समोरून डंपर येत असताना मी कुणालाही तो धोका घ्या म्हणणार नाही.

१.२ चा आग्रह याचसाठी. १.० लिटर इंजिनाचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, ८९ न्यूटन मीटर, १.२ चा ११३. चार माणसं, सामान आणि एसी घेऊन घाट चढताना हा फरक कळतो. कमी ताकदीचं इंजिन आणि एएमटी असलं की कॉम्प्युटर सारखे गिअर खालीवर करत बसतो.

सीएनजीचा विचार असेल तर गणित बदलतं. वॅगन आरमध्ये सीएनजी मॅन्युअललाच मिळते. सीएनजी आणि एएमटी दोन्ही हवं असेल तर टाटाची टियागो किंवा टिगोर बघा, फेब्रुवारी २०२४ पासून त्यांच्यात हे मिळायला लागलं.

मॅन्युअल कोणी घ्यावी? ज्याचं बहुतेक चालवणं गावाकडे आहे, रस्ता मोकळा आहे, आणि जवळ कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही, त्याने. मॅन्युअलची क्लच प्लेट कुठलाही चांगला मेकॅनिक बदलतो. एएमटीत प्लेट बदलल्यावर कॉम्प्युटर जोडून क्लच कुठे पकडतो ते त्याला नव्याने शिकवावं लागतं, आणि ॲक्च्युएटर गेला तर बिल मोठं येतं. बॅटरी उतरली तर धक्का मारून सुरू करायचीही सोय नाही, म्हणून बॅटरी जुनी झाली की ताणत बसू नका. तुम्ही पुण्यात आहात, त्यामुळे यातलं काही अडवणारं नाही. आणि रोज त्या गर्दीत क्लच दाबून डावा गुडघा दुखायला लागलेले माझ्या ओळखीत बरेच आहेत, तिशीतलेसुद्धा. माझ्या लेखी पन्नास हजार वसूल व्हायला तेवढं एक कारण पुरेसं आहे.

मिसेस नुकत्याच शिकल्यात म्हणालात, म्हणून एक सांगतो. या गाडीत पी, म्हणजे पार्किंगचा गिअर, नसतो. पार्क करताना ब्रेक दाबून ठेवून डी किंवा चढ-उतार बघून आर (रिव्हर्स) वर ठेवा, हँडब्रेक ओढा आणि मगच इंजिन बंद करा. न्यूट्रलवर बंद करून उतरलं आणि हँडब्रेक सैल असला तर गाडी घरंगळते. सुरू करताना ब्रेक दाबून एन (न्यूट्रल) वर आणायची.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून आणतात. तेवढ्यावर समाधान मानू नका. बेसमेंट पार्किंगचा रॅम्प असलेली जागा शोधा, रॅम्पच्या मध्यावर गाडी पूर्ण थांबवा आणि पुन्हा सोडून बघा. मग तोच चढ रिव्हर्सवर चढवून बघा, आधी तुम्ही आणि मग मिसेस.