मुंबईत नावाजलेल्या शेफच्या हॉटेलात ब्रंचला जातोय. मेनूतला 'वऱ्हाडी रोडगा' मागवावा का?

भाऊ, रोडगा, म्हणजे आपला निखाऱ्यात भाजलेला कणकेचा गोळा, तिथं मागवू नका. बाकीचं मागून सांगतो.

तुम्ही विचारलंय ते एवढं: अमरावतीहून नवरा-बायको मुंबईला जाताय, रविवारी टीव्हीवरच्या शेफकडे ब्रंच (नाश्ता अन् जेवण एकत्र), मेनूत 'वऱ्हाडी रोडगा आणि वांग्याचा मूस' (फेटून हलकं केलेलं वांगं) दिसला, वहिनी अंडं खात नाहीत, खर्च किती आणि कपडे कोणते. कपड्यांचं लगेच सांगतो. धुतलेला शर्ट-पँट आणि पायात बूट. वेटर तुमच्या कपड्यांकडे पाहत नाही, टेबल कधी रिकामं होते ते पाहतो, कारण रविवारी बऱ्याच ठिकाणी दोन पाळ्या असतात. पहिली पाळी घेजा.

आता रोडगा. मी पंगतीचा आचारी आहे, म्हणून हे जरा लांबेल. अशाच एका ठिकाणी ताटात आलेला रोडगा लिंबाएवढा होता. वरून खापरासारखा, आत कच्च्या कणकेची चिकट रेघ, खाली काळ्या दगडाची पाटी. मोडून पाहिला की काय चुकलं ते सगळं दिसते.

पहिली चूक दळणाची. रोडग्याला रवाळ, जाड दळलेली कणिक लागते. पोळीची बारीक कणिक घेतली की ती तिंबताना चिवट होते आणि भाजल्यावर दगड. किलोभर जाड कणकेला १०० ग्रॅम तेलाचं कडकडीत मोहन, मीठ, ओवा, आणि पाणी साडेचारशे मिलीच्या आसपास. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा बराच घट्ट पाहिजे. मोहन हातानं चोळून मूठ वळली पाहिजे, मगच पाण्याला हात लावायचा. एवढ्यात १२ रोडगे होतात.

दुसरी चूक थरांची. त्या रोडग्यात थर नव्हतेच, सरळ गोळा वळून भट्टीत टाकला होता. रोडग्यात तीन-चार लहान पुऱ्या एकावर एक बसवतात, प्रत्येकीला तेल लावतात आणि वरून मोठी पारी घेऊन तोंड बंद करतात. तेलामुळं पुऱ्या एकमेकींना चिकटत नाहीत, मधून वाफ फिरते आणि आतलं पीठ शिजते. थर नसले तर बाहेरून करपेपर्यंत भाजा, पोटात रेघ राहणारच. गंमत अशी की त्याच हॉटेलचा क्रोसाँ (लोण्याचा पदरदार फ्रेंच पदार्थ) पहिल्या नंबरचा होता, आणि क्रोसाँ म्हणजे थरांचाच खेळ आहे. थंड लोणी पिठात गुंडाळून तीन वेळा तीन-तीन घड्या घातल्या की लोण्याचे २७ थर होतात. भट्टीत लोण्यातलं पाणी वाफ होऊन एकेक पदर उचलते. लोणी मध्येच वितळलं तर पदर मिटतात आणि पाव होतो. ज्या माणसाला हे इतकं बारीक कळते त्याला रोडग्याचे थर कळू नयेत, याचा मला राग आहे. कळत नाही असं नाही, आमच्या पदार्थाला कशाला एवढी मेहनत, असा तो हिशेब असतो.

तिसरी चूक आराची, म्हणजे निखाऱ्यांची, आणि इथंच माझं भाच्याशी भांडण आहे. तो हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला. त्याचं म्हणणं, मामा, उष्णता ती उष्णता, गोवरी काय अन् ओव्हन काय. अरे बाप्पा, तसं नाही. गोवऱ्या जळून धूर संपला, वर पांढरी राख धरली की मग आर पसरवायचा, रोडगे ठेवायचे, वरून राखेसकट आर ओढायचा. सुरुवातीला ताव जोरात असतो, मग हळूहळू उतरतो. राखेखाली वाफ कोंडते म्हणून कवच लवकर वाळत नाही. अर्ध्यात एकदा उलथायचे, पाऊण तासाच्या आत होतात. बोटानं ठोकला की पोकळ वाजतो. जाळावर ठेवले तर करपतात आणि गोवरी ओली असली तर धूर पिऊन कडवट होतात. ओव्हनचा ताव मात्र शेवटपर्यंत एकसारखा आणि हवा कोरडी, म्हणून कवच आधी तयार होते. ओव्हनमध्येच करायचे असतील तर २२० अंशांवर १५ मिनिटं, मग १७० वर झाकण घालून अर्धा तास. हे भाच्याला तीनदा सांगितलं.

वर हे हॉटेलवाले शनिवारी भाजून फ्रिजमध्ये ठेवतात आणि रविवारी गरम करतात. भाजलेलं पीठ फ्रिजच्या थंडीत सगळ्यात लवकर ताठरते, बाहेर झाकून ठेवलेल्यापेक्षाही लवकर. मायक्रोव्हेवमध्ये घातलं की वरून चिवट. आणि सोबत वांग्याचा मूस! रोडगा कोरडा आणि रवाळ असतो, तो कुस्करून त्याला पातळ वरण, तर्रीची वांग्याची भाजी आणि तूप पाजावं लागते. चमचाभर मुसात तो भिजणार कसा?

म्हणून ज्या कामासाठी त्यांची भट्टी आणि माणसं तयार आहेत तेच मागवा. तुमच्यासाठी एग्ज बेनेडिक्ट: पाण्यात सोडून शिजवलेलं अंडं, वर हॉलंडेज सॉस. पाळी सुरू झाल्याबरोबर मागवा. हा सॉस अंड्याच्या बलकात लोणी फेटून करतात आणि कोमट ठेवतात. जास्त तापला तर फाटतो, थंड झाल्यावर पुन्हा गरम करतानाही सहज फाटतो. ताटात तेल वेगळं आणि दाणे वेगळे दिसले तर खुशाल परत पाठवा. बफेत ठेवलेला तर घेऊच नका.

वहिनींसाठी आधीच सांगून ठेवा, कारण अंडं लपून बसते. पॅनकेक, फ्रेंच टोस्ट, ब्रिओश पाव, मेयोनीज या सगळ्यांत सहसा असते. क्रोसाँवरची चकाकीसुद्धा बहुतेकदा अंड्याची असते. सावरडो पाव मैदा, पाणी, मीठ आणि आंबवणाचाच असतो, त्यावर भाज्या-चीज असं काही घ्या.

खर्च मेनूवर पाहून घ्या, मी फक्त खालचा हिशेब सांगतो. खाण्याचे ४००० झाले तर स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के जीएसटी, म्हणजे ४२००. दिवसाला ७५०० रुपयांवर भाडं असलेल्या खोल्यांच्या मोठ्या हॉटेलात बसलात तर १८ टक्के, म्हणजे ४७२०. बिलात १० टक्के 'सर्व्हिस चार्ज' दिसला तर त्यावरही कर लागतो आणि ४२०० चे ४६२० होतात. तो आपोआप लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. काढा म्हणा, नाही काढला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. टीप द्यायची असेल तर वेटरच्या हातात द्या. बसल्याबसल्या ते 'स्टिल की स्पार्कलिंग', म्हणजे बिनबुडबुड्यांचं की बुडबुड्यांचं, असं विचारतील, दोन्ही विकतचं पाणी आहे. साधं पाणी मागा.

ब्रंच शब्दाला फार भिऊ नका. १८९५ मध्ये गाय बेरिंजर नावाच्या इंग्रजानं रविवारी उशिरा उठणाऱ्यांची बाजू घेऊन तो वापरला. आमच्याकडे निंदणाच्या बाया ११ वाजता धुऱ्यावर शिदोरी सोडतात, फरक एवढाच की त्या पहाटे ५ ला उठलेल्या असतात. अमरावती एक्सप्रेसनं जाणार असाल तर सकाळी उतरल्यावर थोडंसं खाऊन घ्या. ब्रंचच्या नादात दुपारपर्यंत उपाशी बसलात की मेनूतलं काहीही मागवाल.

आणि हो, शेफसाहेब स्वतः रविवारी चुलीशी उभे असतील या आशेनं जाऊ नका. स्वयंपाक त्यांची माणसं करतात आणि बहुतेक चांगलाच करतात.

एवढं सांगूनही वहिनींना रोडगाच पाहायचा असला तर वेटरला एकच विचारजा, किती वेळ लागेल? १० मिनिटं म्हणाला तर तो शनिवारचा आहे. ४० म्हणाला तर मागवजा, आडवा कापून थर मोजजा, आणि फोटो मला पाठवजा. भाच्याला दाखवायचा आहे.